एशर : गणितात कच्चा राहिलेल्या चित्रकाराचं गणित

एक चौकोनी ठसा घ्या. रबराचा, लाकडाचा, अगदी बटाट्याचा पण चालेल, फक्त त्यावरचं चित्र असं वाकडंतिकडं असू दे की ठसा फिरवला की वेगळं दिसलं पाहिजे. आता दोन वर, दोन खाली असे चार ठसे एकमेकांना चिकटून उमटवा, प्रत्येक वेळी ठसा चारपैकी कुठलीही बाजू वर करून, आणि मग हा चार घरांचा तुकडा तसाच्या तसा कागदभर रिपीट करत जा. अशी वेगवेगळी डिझाइन्स एकूण किती होतील? चार घरं, प्रत्येक घरात चार शक्यता, म्हणजे ४ × ४ × ४ × ४ = २५६. पण त्यातली बरीचशी एकच असतात, कागद फिरवून किंवा नजर थोडी बाजूला सरकवून बघितलं की लक्षात येतं, अरे, हे तर मगाचंच डिझाइन आहे. मग खरोखर वेगळी किती?

उत्तर आहे २३. आज ग्रुप थिअरी, म्हणजे अशा फिरवण्या-सरकवण्याचं गणित, शिकलेला विद्यार्थी एका पानात हे करून दाखवेल. पण १९४० च्या आसपास एका डच चित्रकाराने हे उत्तर काढलं ते निव्वळ हाताने, एकेक शक्यता मांडून, एकसारख्या दिसणाऱ्या बाजूला काढून, आणि ते बरोबर काढलं. त्याचं नाव मॉरिट्स कॉर्नेलिस एशर. एशरबद्दल लिहिताना लोक नेहमी म्हणतात की त्याने चित्रांमध्ये गणित वापरलं. मला हे वाक्य अपुरं वाटतं. त्याने गणित केलं, कागद आणि ठसे घेऊन केलं, आणि ते कसं केलं हेच मला इथे सांगायचंय.

जन्म १७ जून १८९८ चा, नेदरलँड्समधल्या लेवार्डेनचा, वडील सिव्हिल इंजिनियर. लहानपण आर्नहेममध्ये गेलं. शाळेत मन रमलं नाही, गणितात कच्चा, शेवटच्या परीक्षेत नापास. १९१९ मध्ये हार्लेमच्या कॉलेजात आर्किटेक्चर शिकायला गेला, पण तिथे साम्युएल येसुरून दे मेस्किता नावाचे ग्राफिक आर्टचे शिक्षक होते, त्यांनी याची चित्रं बघितली आणि आर्किटेक्चर सुटलं ते सुटलंच. पुढे आयुष्यभर त्याने लाकडावर, दगडावर आणि तांब्याच्या पत्र्यावर काम केलं, पुस्तकांसाठी चित्रं काढली, पोस्टाची तिकिटं पण डिझाइन केली.

आता हे ठशांचं काम कसं असतं ते जरा बघूया, कारण त्यात खूप काही दडलंय. वुडकट म्हणजे लाकडाच्या फळीवर चित्र कोरायचं. जे कोरून काढाल ते कागदावर पांढरं राहतं, जे ठेवाल ते काळं उमटतं, म्हणजे वस्तू आणि तिच्यामागची मोकळी जागा या दोन्हींचा विचार एकाच वेळी करावा लागतो. शिवाय छाप उलटी पडते, डावं ते उजवं, त्यामुळे सगळं चित्र आरशातल्यासारखं उलटं कोरायचं. रंग जास्त असतील तर प्रत्येक रंगाची फळी वेगळी, आणि सगळ्या फळ्या कागदावर अचूक एकाच जागी बसल्या पाहिजेत, नाहीतर मेहनत पाण्यात. एशर बऱ्याचदा प्रेस न वापरता शाई लावलेल्या फळीवर कागद ठेवून मागून हाडाच्या छोट्या चमच्याने घासून घासून प्रिंट काढायचा. वर्षानुवर्षं रोज हे करणाऱ्या माणसाला उलटवणं, फिरवणं, सरकवणं, मोकळी जागा हाच आकार मानणं हे वेगळं शिकावंच लागत नाही, ते हातात बसलेलं असतं. सममिती म्हणजे दुसरं काय असतं?

१९२३ पासून बारा वर्षं तो रोममध्ये राहिला. तिथली डोंगरावरची गावं, कडे, वळणाचे रस्ते हे त्याने फार सुंदर काढलंय, १९३० चं कास्त्रोवाल्वा जरूर बघा. पण मुसोलिनीचा काळ होता, थोरल्या मुलाला फॅसिस्ट पोरांचा युनिफॉर्म घालायला लावला तेव्हा एशरने १९३५ मध्ये इटली सोडली. आधी स्वित्झर्लंड, मग ब्रसेल्सजवळ, आणि १९४१ पासून नेदरलँड्समधलं बार्न.

मधल्या काळात १९३६ साली त्याने एका जहाज कंपनीला पत्र लिहिलं की मला आणि बायकोला प्रवास करू द्या, भाड्याच्या बदल्यात मी प्रिंट्स देतो. कंपनी हो म्हणाली! त्या प्रवासात तो स्पेनमधल्या ग्रॅनाडाच्या अलहम्ब्रा राजवाड्यात दुसऱ्यांदा गेला, पहिल्यांदा १९२२ मध्ये गेला होता. यावेळी तो आणि बायको येट्टा, दोघं दिवसेंदिवस बसून भिंतींवरच्या टाइल्सची नक्कल काढत होते. एकच आकार, मध्ये फट नाही, एकावर एक चढलेला नाही, आणि सगळी भिंत भरलेली. पण त्या टाइल्समध्ये प्राणी नाहीत, पक्षी नाहीत, नुसती भूमिती. एशरला नेमकं तेच हवं होतं जे तिथे नव्हतं, मासे, पाली, पक्षी, असे आकार जे ओळखता येतील आणि तरी एकमेकांत फिट बसतील.

त्याचा सावत्र भाऊ लायडनला जिऑलॉजीचा प्रोफेसर होता. त्याने ही ड्रॉइंग्ज बघितली आणि सांगितलं की अरे, स्फटिकांचा अभ्यास करणारे लोक हेच करतात, त्यांचे पेपर बघ. त्यातला एक पेपर जॉर्ज पोल्या या गणितज्ञाचा, १९२४ चा. सपाट पृष्ठभागावर रिपीट होणाऱ्या डिझाइनला चार प्रकारच्या हालचाली शक्य असतात : सरकवणं, फिरवणं, आरशासारखं उलटवणं, आणि सरकवून उलटवणं, म्हणजे वाळूत चालताना डावं-उजवं पाऊल उमटत जातं तसं. यांच्या सगळ्या जोडण्या करून बघितल्या तर एकूण फक्त १७ प्रकार होतात, अठरावा नाहीच. रशियन स्फटिकशास्त्रज्ञ फेडोरोव्हने हे १८९१ मध्येच सिद्ध केलं होतं. आणि फिरवणं म्हणाल तर दोन, तीन, चार किंवा सहा घडीचंच चालतं, म्हणजे एका पूर्ण फेरीत डिझाइन तेवढ्या वेळा स्वतःवर बसतं, पाच घडीचं बसतच नाही, म्हणून तर नियमित पंचकोनी फरशा लावून कुणी जमीन भरू शकत नाही.

पोल्याच्या पेपरमधली समीकरणं एशरला कळली नाहीत. पण त्यात १७ प्रकारांची १७ चित्रं होती, ती सगळी त्याने वहीत उतरवून घेतली आणि स्वतःची थिअरी तयार करायला बसला. त्याचा प्रश्न मुळात वेगळा होता हे मला फार महत्त्वाचं वाटतं. स्फटिकवाले विचारतात, कुठली हालचाल केली तर सगळं डिझाइन होतं तसंच राहतं? एशर विचारत होता, हा एक मासा त्याच्या शेजारच्या माशाशी कसा जोडलाय, सरकवून का फिरवून का उलटवून, आणि शेजारी शेजारी एकच रंग येऊ द्यायचा नसेल तर कमीत कमी किती रंग लागतील? रंगांसकट सममितीचा विचार तेव्हा शास्त्रज्ञांनी सुद्धा फारसा केलेला नव्हता. त्याने आपली अक्षरं, आपले आकडे वापरून वर्गीकरण केलं, १९४१-४२ मध्ये ते वहीत नीट लिहून काढलं, आणि मरेपर्यंत या पद्धतीची १३७ क्रमांकित चित्रं केली. पुढे ॲमस्टरडॅमच्या स्फटिकशास्त्रज्ञ कॅरोलिन मॅकगिलाव्री यांनी याच चित्रांवर विद्यार्थ्यांसाठी पुस्तक लिहिलं, १९६५ मध्ये, आणि ते आंतरराष्ट्रीय स्फटिकशास्त्र संघटनेने काढलं.

वहीतलं हे काम चालू होतं तेव्हा देश जर्मनांच्या ताब्यात होता. दे मेस्किता ज्यू होते. १९४४ च्या जानेवारीअखेरीस नाझी त्यांना घरातून घेऊन गेले आणि आउशविट्झला त्यांना मारलं. एशर त्यांच्या घरी पोचला तेव्हा चित्रं जमिनीवर विखुरलेली होती, जेवढी उचलता आली तेवढी त्याने वाचवली. त्यातल्या एकावर सैनिकाच्या बुटाचा ठसा होता, ते त्याने शेवटपर्यंत स्वतःजवळ ठेवलं.

गणितज्ञांना तो सापडला १९५४ मध्ये. ॲमस्टरडॅमला गणितज्ञांची जागतिक परिषद भरली होती आणि त्यानिमित्ताने स्टेडेलिक म्युझियममध्ये त्याचं प्रदर्शन ठेवलं होतं. तिथे आलेल्यांपैकी एक पोरगेला विद्यार्थी रॉजर पेनरोझ, हो तोच, ज्याला २०२० मध्ये फिजिक्सचं नोबेल मिळालं. प्रदर्शन बघून तो इतका भारावला की घरी जाऊन अशक्य आकृत्या काढत बसला, वडिलांबरोबर १९५८ मध्ये त्यावर पेपर लिहिला, कधीच न संपणारा जिना आणि प्रत्यक्षात बनवता न येणारा त्रिकोण, आणि तो पेपर एशरला पाठवला. त्यावरून एशरने १९६० मध्ये चढणाऱ्या-उतरणाऱ्या साधूंचं चित्र केलं आणि १९६१ मध्ये तो प्रसिद्ध धबधबा, ज्याचं पाणी खाली वाहत वाहत परत वरच पोचतं.

दुसरे होते कॅनडातले भूमितिज्ञ कॉक्सेटर. त्यांनी एशरला आपला पेपर पाठवला, त्यात एक आकृती होती, गोलाच्या आत त्रिकोणांची जाळी, मध्यावर मोठे आणि कडेकडे जाताना लहान लहान होत गेलेले. ही हायपरबोलिक भूमितीची आकृती. या भूमितीत त्रिकोणाच्या तीन कोनांची बेरीज १८० अंशांपेक्षा नेहमी कमी भरते, आणि तिथे राहणाऱ्याच्या दृष्टीने ते सगळे त्रिकोण एकाच मापाचे असतात, गोलाची कड अनंत अंतरावर असते, आपल्याला बाहेरून बघताना ते लहान दिसतात एवढंच. एशरला ती आकृती बघून धक्काच बसला, कारण अनंत गोष्ट एका मर्यादित कागदावर कशी आणायची हा प्रश्न त्याला कित्येक वर्षं छळत होता. कंपास आणि पट्टी घेऊन त्याने त्या छापील आकृतीवरून मोठ्या वर्तुळांचे मध्य स्वतःच शोधून काढले, बाकीची रचना कॉक्सेटरना पत्र लिहून विचारली, पण उत्तरात आलेलं गणित त्याला उमगलं नाही.

त्यातून सर्कल लिमिट नावाची चार चित्रं आली. पहिलं १९५८ चं, त्यावर तो स्वतःच नाराज होता, मासे तोंडाला तोंड लावून अडकलेले, ओघ नाही. १९५९ चं तिसरं मात्र अद्भुत आहे. पांढऱ्या कमानींवरून माशांच्या रांगा पोहत जातात, एका रांगेतले सगळे मासे एका रंगाचे, कडेवरून येतात आणि कडेतच नाहीसे होतात. व्यास जेमतेम ४१.५ सेंटिमीटर. पाच फळ्या, चार रंगांच्या आणि एक काळी, प्रत्येक फळीवर चित्राचा पाव भागच कोरलेला, म्हणून प्रत्येक फळी ९० अंशात फिरवत चार वेळा उमटवायची, म्हणजे एका प्रिंटला २० वेळा छपाई.

आता या चित्रातली एक गंमत, जिच्यासाठी मी तास तास हे चित्र बघू शकतो. पांढऱ्या कमानी जिथे एकमेकींना छेदतात तिथे प्रत्येक वेळी तीन कमानी येतात, आणि सममितीमुळे त्यांच्यातले सगळे कोन सारखे, म्हणजे ६० अंश. कमानींमुळे त्रिकोण आणि चौकोन तयार होतात. एक त्रिकोण पकडा, तीन कोन, प्रत्येकी ६०, बेरीज १८०. पण हायपरबोलिक भूमितीत सरळ रेषांच्या त्रिकोणाची बेरीज १८० भरूच शकत नाही! म्हणजे त्या कमानी तिथल्या सरळ रेषा नाहीत. मग एशरचं चुकलं का? बघणाऱ्याला तसं वाटू शकतं, कारण या भूमितीतल्या सरळ रेषा गोलाच्या कडेला ९० अंशात मिळायला हव्यात आणि इथे कमानी थोड्या तिरक्या मिळतात. कॉक्सेटरनी १९७९ मध्ये यावर लेख लिहिला. त्यांनी दाखवलं की त्या कमानी सरळ रेषेपासून कायम सारख्याच अंतरावर राहणाऱ्या वक्ररेषा आहेत, आणि गणिताने त्यांनी कडेला ७९.९७ अंशात, म्हणजे जवळजवळ ८० मध्ये मिळायला हवं. एशरने नेमका तोच कोन काढला होता, हाताने, डोळ्याच्या अंदाजाने. तो लेख आला तेव्हा एशर जाऊन सात वर्षं झाली होती.

असंच १९५६ च्या प्रिंट गॅलरी या लिथोग्राफचं. लिथोग्राफ म्हणजे आपल्याकडे ज्याला शिळाछाप म्हणायचे ते. एक तरुण गॅलरीत उभा राहून एक चित्र बघतोय, चित्रात माल्टाचं बंदर, बोट, घरं, घरं मोठी होत होत फिरत येतात, एका खिडकीत बाई, तिच्या खाली गॅलरी, आणि त्या गॅलरीत तोच तरुण. मध्यभागी मात्र एक पांढरा गोल मोकळा सोडलाय, त्यात एशरची सही. त्या गोलात काय असायला हवं होतं?

हे चित्र काढताना त्याने आधी एक जाळी बनवली, चौकटीच्या प्रत्येक बाजूला चित्र चारपट फुगणारी, चार बाजू फिरून आलात की २५६ पट. सुरुवातीला सरळ रेषांनी प्रयत्न केला, मग त्याला जाणवलं की रेषा वाकवल्या तर जाळीतले छोटे चौकोन चौकोनच राहतात. कॉम्प्लेक्स अ‍ॅनालिसिस ही गणिताची शाखा शिकवताना याच गुणधर्माला केवढं महत्त्व देतात, आणि हा माणूस तिथे पोचला केवळ चित्रातली खिडकी वेडीवाकडी दिसू नये म्हणून. लायडनचे गणितज्ञ हेंड्रिक लेन्स्ट्रा यांनी एका विमानप्रवासात मासिकात हे चित्र बघितलं आणि ते पांढऱ्या गोलाच्या मागे लागले. २००३ मध्ये त्यांनी आणि बार्ट दे स्मित यांनी उत्तर छापलं : ते चित्र स्वतःच्याच पोटात आहे, सुमारे १५७.६ अंश फिरवलेलं आणि २२.५८ पट लहान केलेलं, आणि त्याच्या पोटात परत तेच. कॉम्प्युटरने भरलेला तो गोल बघायला मिळाला तर जरूर बघा, आत आत जातच राहतो.

पेनरोझशी नातं पुढेही राहिलं. १९६२ मध्ये तो एशरला भेटला तेव्हा त्याने लाकडी तुकड्यांचं एक कोडं दिलं, सगळे तुकडे एकाच आकाराचे, पण जोडायला महाकठीण. एशरने ते सोडवलं आणि त्याच्यामागचं तत्त्व काय ते पेनरोझला विचारून घेतलं. एशरच्या सगळ्या थिअरीत एक गोष्ट गृहीत होती, प्रत्येक तुकड्याचा शेजार अगदी सारखा असणार. या कोड्यात तसं नव्हतं, आकार एकच पण काही तुकड्यांचा शेजार वेगळा. १९७१ मध्ये, तब्येत ढासळलेली असताना, त्याने त्याच आकाराची छोटी भुतं बनवली, तेच १३७ वं चित्र, त्या मालिकेतलं शेवटचं. २७ मार्च १९७२ ला तो गेला.

पेनरोझने पाच घडीच्या सममितीच्या, कधीच रिपीट न होणाऱ्या आपल्या टाइल्स छापल्या १९७४ मध्ये, म्हणजे दोन वर्षांनी. एशरच्या हातात त्या पडल्या असत्या तर त्यातून कुठले प्राणी निघाले असते, याची हुरहुर मला खरंच वाटते. १९८२ मध्ये डॅन शेख्तमान यांना ॲल्युमिनियम-मँगनीजच्या मिश्रधातूत तशीच, पाठ्यपुस्तकं तेव्हा अशक्य म्हणत होती ती रचना दिसली, बरीच वर्षं लोकांनी त्यांना वेड्यात काढलं, २०११ मध्ये केमिस्ट्रीचं नोबेल दिलं. आणि ज्या संघटनेने एशरच्या चित्रांचं पुस्तक काढलं होतं, त्याच आंतरराष्ट्रीय स्फटिकशास्त्र संघटनेला १९९२ मध्ये स्फटिकाची व्याख्याच नव्याने लिहावी लागली.