हुआंगशान आणि हुआशान: कुठे थांबायचं, कुठे चालायचं

चीनमधल्या डोंगरांचे जे फोटो आपल्याकडे व्हॉट्सॲपवर फिरत येतात, त्यातल्या बऱ्याच फोटोंखाली भलत्याच डोंगराचं नाव असतं. उभ्या कड्याला ठोकलेल्या फळ्या आणि साखळी धरून कडेकडेने सरकणारी माणसं दिसली, की तो हुआशान. ढगांतून वर आलेले दगडी सुळके आणि त्यांच्या माथ्यावर आडव्या फांद्यांची पाइनची झाडं दिसली, की तो हुआंगशान. नावांत फरक एका अनुस्वाराचा आणि एका ‘ग’चा. भरीस भर म्हणजे हुआंगशानच्या सर्वांत उंच शिखराला ‘कमळ शिखर’ म्हणतात आणि हुआशानच्या पश्चिम शिखरालाही तेच नाव आहे. हॉटेल किंवा रेल्वेचं तिकीट काढताना हा घोळ महागात पडतो, कारण या दोन डोंगरांत सरळ रेषेत सुमारे ९०० किलोमीटरचं अंतर आहे.

हुआंगशान पूर्व चीनमध्ये, आन्हुई प्रांताच्या दक्षिणेला. तिथे जायचं तर शांघाय किंवा हांगझोऊहून रेल्वे सोयीची. हुआशान शाआन्शी (Shaanxi) प्रांतात, शिआनच्या पूर्वेला सुमारे १२० किलोमीटरवर. चीनच्या पाच पवित्र पर्वतांतला पश्चिमेचा पर्वत तो हाच आणि ताओ पंथाच्या साधकांचं हे जुनं ठिकाण. हुआंगशान या पाचांत येत नाही. तरीही चिनी लोकांत एक म्हण आहे की पाच पर्वत पाहून आल्यावर दुसरे डोंगर पाहावेसे वाटत नाहीत आणि हुआंगशान पाहून आल्यावर ते पाच पर्वतही पाहावेसे वाटत नाहीत. सतराव्या शतकातला प्रवासी श्यू श्याखा याच्या नावावर ती सांगितली जाते. मला ती हुआशानवर अन्याय करणारी वाटते, कारण दोन्ही डोंगर आपल्याकडून मागतातच वेगवेगळं. हुआंगशानला फोटो हवामान देतं, म्हणून तिथे मुक्काम करावा लागतो. हुआशानला फोटो वाटेतच असतो, म्हणून तिथे चालावं लागतं. बेत आखताना एवढं लक्षात ठेवलं तर पुढचे बरेच निर्णय सोपे होतात.

दोन्ही डोंगर ग्रॅनाइटचे. सह्याद्रीच्या बेसॉल्टची सवय असलेल्या डोळ्यांना पहिला धक्का तिथेच बसतो. आडवे थर नाहीत, टप्प्याटप्प्याने चढत जाणारे कातळ नाहीत. हुआंगशानच्या ग्रॅनाइटला उभ्या भेगा दाट आहेत. त्यांत पाणी शिरतं, हिवाळ्यात गोठतं, खडक फाकतो आणि हळूहळू एकाचे अनेक सुळके होतात. हुआशान मात्र छिनलिंग पर्वतरांगेच्या उत्तर कडेला, एका मोठ्या भ्रंशावर (जमिनीच्या कवचातल्या तड्यावर) उचलला गेलेला जवळजवळ अखंड खडक. त्याच्या उत्तरेची वेई नदीची जमीन खचली आणि डोंगर वर राहिला. म्हणून त्याच्या फिकट, उघड्या भिंती नजर पोचेल तिथपर्यंत सरळ खाली जातात. हुआशानचं दक्षिण शिखर २,१५४ मीटर, हुआंगशानचं कमळ शिखर १,८६४ मीटर. तेवढ्यावरून हुआंगशान सोपा असेल असं समजू नका. तिथे एका दिवसात किती वेळा उतरावं आणि पुन्हा चढावं लागतं, ते नकाशा पाहून कळत नाही.

हुआंगशानला स्वतः आखून जाणाऱ्यांची पहिली गफलत डोंगरापर्यंत पोचण्याआधीच होते. ‘हुआंगशान’ नावाचं शहर आहे, ‘हुआंगशान उत्तर’ नावाचं वेगवान रेल्वेचं स्टेशनही आहे, पण ते शहर म्हणजे थुन्शी. डोंगराचं पायथ्याचं गाव थांगकोउ तिथून बसने तासाभरावर. शहरातलं हॉटेल डोंगराजवळचं समजून घेतलं, की सूर्योदय गेलाच. थांगकोउमध्ये राहिलात तरी तो अवघडच, कारण पायथ्यापासून आतली बस, मग रोपवेची रांग आणि मग चाल असा क्रम आहे. सूर्योदय हवा असेल तर रात्र डोंगरावरच काढायला हवी. वर बैहाय, शीहाय, पाययुन अशी हॉटेलं आहेत. खोल्या महाग आहेत, पण काही ठिकाणी एकावर एक पलंगांच्या खोल्यांत एकेक जागाही मिळते. एकट्याने फिरणाऱ्याने तीच घ्यावी.

वर राहण्याचा खर्च मी कुणालाही करायला सांगेन. हुआंगशानवर वर्षातले दोनशेहून जास्त दिवस धुकं असतं आणि पाऊसही भरपूर पडतो. पाऊस थांबून थंड हवा आली, की दरीत राहिलेली वाफ खालीच अडकते, ढगांचा माथा शिखरांच्या खाली बसतो आणि ज्याला तिथे ढगांचा समुद्र म्हणतात तो दिसतो. कधी पहाटे दिसतो, कधी दुपारी अचानक. चार तास पांढऱ्या भिंतीपुढे उभं राहावं लागतं आणि मग दहा मिनिटं सगळं उघडतं. सकाळी रोपवेने वर येऊन संध्याकाळी उतरणाऱ्याच्या वाट्याला ती दहा मिनिटं आली तर नशीब. दोन रात्री काढणाऱ्याला मात्र ती बहुधा मिळतात. नोव्हेंबर ते मार्च हा ढगांच्या समुद्रासाठी चांगला काळ. थंडीत धुक्याचे थेंब पाइनच्या सुयांवर गोठतात आणि झाडं पांढरी होतात, तेव्हा तर रंगीत फोटोसुद्धा कृष्णधवल वाटतो. पण शीहाय दरीची वाट हिवाळ्यात बंद असते आणि माझ्या मते तीच हुआंगशानची सर्वांत सुंदर चाल आहे. कड्याला धरून बांधलेल्या काँक्रीटच्या पायऱ्या वळणावळणाने खोल उतरतात आणि प्रत्येक वळणाला सुळक्यांची मांडणी बदलते. हुआशानच्या फळ्या म्हणून जे फोटो चुकून फिरतात, त्यांतले काही याच वाटेचे. इथे कठडे भक्कम आहेत, कमरेला दोर बांधावा लागत नाही. हिवाळ्याचे ढग आणि शीहायची चाल दोन्ही एकाच फेरीत जमवायचं असेल, तर नोव्हेंबरचा पहिला भाग धरा. आणखी एक गोष्ट आधी पाहून ठेवा: कमळ शिखर आणि थ्येनदू शिखर ही दोन शिखरं झाडोऱ्याला विश्रांती मिळावी म्हणून आलटून पालटून काही वर्षं बंद ठेवतात. एकाच फेरीत दोन्ही चढायला मिळतील अशी अपेक्षा ठेवू नका.

यूपिंगजवळचा ‘पाहुण्यांचं स्वागत करणारा पाइन’ सगळ्यांना पाहायचा असतो. त्याच्या देखभालीला खास माणूस नेमलेला आहे, बेजिंगच्या जनता सभागृहात त्याचं लोखंडी पत्र्यातून घडवलेलं चित्र टांगलेलं आहे. तिथे गर्दी इतकी असते, की झाड दिसेल, पण फोटो मिळेलच असं नाही. चांगली झाडं शीशिन शिखराच्या वाटेवर आहेत. मातीच नाही अशा भेगेत मूळ घातलेलं, वाऱ्याच्या बाजूच्या फांद्या झडून एकाच अंगाने वाढलेलं झाड तिथे दर थोड्या अंतरावर भेटतं. सतराव्या शतकात शीताओसारख्या चित्रकारांनी हा डोंगर शाईने रंगवला. त्या चित्रांतली तुटकी झाडं आणि अर्धवट शिखरं कल्पनेतली नव्हती, हे इथे उभं राहिल्यावर पटतं.

वाटेत कावडीवाले भेटतात. वरच्या हॉटेलांचं बरंच सामान, भाजी, पाण्याची खोकी, चादरी, अजूनही माणसाच्या खांद्यावरून पायऱ्यांनी वर जातं. बांबूच्या आडव्या दांडीच्या दोन टोकांना ओझं, हातात एक काठी. दम खायचा असेल तेव्हा तो माणूस ओझं खाली ठेवत नाही. काठी दांडीखाली उभी लावतो, भार तिच्यावर टेकवतो, उभ्या उभ्या मान मोकळी करतो, घाम पुसतो आणि पुन्हा खांदा घालतो. तेवढ्या वेळात कॅमेरा त्याच्या तोंडासमोर धरू नका. आधी बाजूला सरून वाट द्या, मग खुणेने विचारा.

आता हुआशान. शिआन उत्तर स्टेशनवरून वेगवान रेल्वेने अर्ध्या तासात ‘हुआशान उत्तर’ येतं आणि हे स्टेशन खरोखरच डोंगराच्या पायथ्याजवळ आहे. वर जायला दोन रोपवे: उत्तर शिखराचा १९९६चा आणि पश्चिम शिखराचा २०१३चा. पश्चिमेचा रोपवे चार किलोमीटरहून लांब आहे आणि त्यातून दिसणारा देखावा अफाट आहे, यात शंका नाही. तरीही पाय धड असतील तर जाताना चालतच जा. यूछ्युआन मंदिरापासून निघणारी जुनी वाट आधी बराच वेळ दरीतून साधी जाते आणि मग एकदम उभी राहते. खडकात कोरलेल्या छ्येनछ्र चुआंगच्या पायऱ्या इतक्या अरुंद आणि खड्या आहेत, की पाऊल आडवं ठेवावं लागतं. दोन्ही बाजूंना साखळ्या आहेत आणि वर आकाशाची नुसती फट दिसते. नाशिकचा हरिहर चढलेल्यांना अंदाज येईल. फक्त इथे तशी चढण एकदा संपून भागत नाही.

तिच्यापुढे त्सांगलोंगची धार लागते. दोन्ही अंगांना दरी आणि मध्ये पायऱ्यांची पट्टी. थांग राजवटीच्या काळातला (सातवं ते दहावं शतक) कवी हान यू इथे घाबरून रडत बसला आणि सुटकेसाठी चिठ्ठी लिहून खाली टाकली, अशी गोष्ट सांगतात. आज कठडे आहेत, पण वारा सुटला की गोष्ट खोटी वाटत नाही. वरच्या ‘सोनेरी कुलपाच्या खिंडी’त साखळ्यांवर कुलपं आणि लाल फिती इतक्या दाटीने लटकतात, की खालची साखळी दिसतच नाही. पहाटेच्या तिरप्या उजेडात त्या लाल फितींमागे पांढरा कडा धरून केलेला फोटो हुआशानशिवाय कुठे मिळणार नाही.

बरेच तरुण चिनी प्रवासी हा चढ रात्री करतात. दहा-अकराला निघायचं आणि पहाटे पूर्व शिखरावर पोचायचं, साधारण पाच-सहा तासांची चाल. रात्री दरीची खोली काहीच दिसत नाही, त्यामुळे भीतीही कमी वाटते. पायथ्याला पांढरे सुती हातमोजे विकायला असतात, ते घ्याच. साखळी थंडीत हाताला चिकटते. काकडी आणि पाणी वाटेत मिळतं, उंचीप्रमाणे भाव चढत जातो. फोटोच्या दृष्टीने रात्रीच्या चढाचा एक तोटा आहे: सर्वांत देखणी वाट तुम्ही अंधारात मागे टाकता. म्हणून मी दिवसा चढून पूर्व शिखरावर मुक्काम करणं पसंत करतो. पहाटे मागे वळून पाहिलं, तर धारेवरून वर येणाऱ्या माणसांच्या दिव्यांची रांग दिसते. तिच्यासाठी ट्रायपॉड वर नेणं सार्थकी लागतं.

फळ्यांची वाट दक्षिण शिखराच्या अंगाला आहे. ती वर नेणारी वाट नाही. टोकाला जाऊन त्याच फळ्यांवरून परत यायचं असतं, त्यामुळे जाणारे आणि येणारे एकमेकांना ओलांडतात. कमरेचा पट्टा साखळीला अडकवावा लागतो, वेगळं तिकीट असतं आणि पावसात, बर्फात वाट बंद होते. मोठा कॅमेरा तिथे नेऊ नका. दोन्ही हात मोकळे हवेत, आणि फळीवर उभं राहून फळीचा फोटो मिळतही नाही. हुआशानचा खरा मोठा फोटो दक्षिण शिखराकडून पश्चिम शिखराकडे बघताना मिळतो: पांढऱ्या खडकाची एकच लांब पाठ, तिच्यावर माणसांची बारीक ओळ आणि खाली धुरकट झालेली वेईची जमीन. पाऊस पडून गेल्यानंतरचा दिवस गाठा. एरवी उत्तरेकडे धुरकं फार असतं.

लेन्सचंही याच्यावरूनच ठरतं. हुआंगशानला टेलिफोटो, कारण ढगांतून उघडणारा एकेक तुकडा निवडून उचलायचा असतो. हुआशानला वाइड, कारण पायाखालची पायरी आणि समोरची दरी एका चौकटीत बसवायची असते. चीनभर घड्याळ एकच, पण हुआशान आठ रेखांश पश्चिमेला असल्याने तिथे सूर्य सरासरी अर्धा तास उशिरा उगवतो. हुआंगशानची वेळ डोक्यात धरून गेलात तर थंडीत उगाच कुडकुडाल. दोन्हीकडे ड्रोनचा विचार सोडून द्या.

खर्चाचं बघाल तर हंगामात प्रवेश हुआंगशानला १९० युआन आणि हुआशानला १६०. पण हुआशानला आतल्या बस आणि दोन्ही रोपवे धरले, तर त्यांचेच पैसे तिकिटापेक्षा जास्त होतात. तिकिटं पासपोर्टवरच निघतात. १ ते ७ ऑक्टोबरच्या सुट्टीत आणि मेच्या पहिल्या आठवड्यात दोन्ही डोंगरांकडे फिरकू नका. भारतातून थेट विमानं २०२५च्या ऑक्टोबरअखेर पुन्हा सुरू झाली आहेत, पण तिसऱ्या देशाला जाताना वाटेत थांबणाऱ्यांसाठीची २४० तासांची व्हिसामुक्त सोय भारतीय पासपोर्टला लागू नाही, व्हिसा काढूनच जावं लागतं. फोटो काढणाऱ्यांनी आणखी एक पाहावं: जून २०२५पासून चीनच्या देशांतर्गत विमानात ‘थ्री-सी’ (चीनच्या सक्तीच्या सुरक्षा प्रमाणपत्राचा) शिक्का नसलेली पॉवर बँक नेता येत नाही आणि आपल्याकडून नेलेल्या बऱ्याच पॉवर बँकांवर तो शिक्का नसतो. तिकडेच विकत घ्या किंवा रेल्वेने फिरा.

हातात एकच दिवस असेल तर मी हुआशान सांगेन. ढग असोत-नसोत, ती वाट तुम्हाला रिकाम्या हाताने परत पाठवत नाही. चार दिवस असतील तर हुआंगशान, आणि त्यातल्या दोन रात्री वर. दोन्ही करायचे असतील तर शिआनकडून सुरुवात करा आणि हुआंगशान शेवटी ठेवा, म्हणजे आकाश बंद असेल तर तिथली एक रात्र वाढवता येते. वरच्या हॉटेलांत ऐनवेळी जागा मिळण्याची शक्यता सोमवार ते गुरुवार जास्त असते, तेव्हा मुक्काम त्याच दिवसांत येईल असं पाहा.