सामायिक चराऊ रानातलं तात्पुरतं कुंपण

रोपं जीव धरेपर्यंत किंवा टिटवी-चंडोलांसारख्या जमिनीवर अंडी घालणाऱ्या पक्ष्यांचा हंगाम सरेपर्यंत रानाचा एखादा तुकडा चराईपासून राखायचा, तर तात्पुरतं कुंपण कामाला येतं. पण जमीन सगळ्यांची. म्हणून पहिला खांब रोवण्याआधी आम्ही चराईचा हक्क असलेल्यांची संमती, लागणारी सरकारी परवानगी आणि कुंपण काढायची तारीख लेखी मागतो. तारीख नसेल तर काम घेत नाही. चराई कायमची थांबली की जुनं गवत साचतं, झुडपं माजतात आणि आखूड गवतात राहणारे पक्षीच निघून जातात. सगळं रान एकदम बंद करण्यापेक्षा तुकडे आळीपाळीने राखा.

पाणवठा आणि वहिवाटीची वाट अडवू नका. अडवलीत तर तार कापली जाणारच! वाट कुंपणातून जात असेल तिथे फाटक आणि तारेत विजेचा झटका असेल तर त्याची सूचना देणारी पाटी हवी.

बहुतेक ठिकाणी आम्ही झटका मशीन, म्हणजे कुंपणाच्या तारेत विजेचे झटके सोडणारं यंत्र, सुचवतो. ते साधारण सेकंदाला एकदा, क्षणभराचा झटका देतं. गुरांसाठी तारेच्या शेवटच्या टोकाला किमान 3,000 व्होल्ट मिळायला हवेत. मेंढ्यांना लोकरीमुळे झटका कमी लागतो, त्यांच्यासाठी जास्त. ‘मशीन बिघडलं’ म्हणून फोन येतो तेव्हा मशीन बहुधा ठीक असतं. गवत तारेला टेकलेलं असतं, नाहीतर जमीन सुकून अर्थिंग (मशीनची जमिनीशी असलेली जोडणी) गेलेलं असतं. तारेखालचं गवत कापा, अर्थिंगच्या सळया ओलसर जागी खोल ठोका आणि रोज कुंपणाचे व्होल्ट मोजणारा टेस्टर लावून पाहा. घरातल्या विजेची तार कुंपणाला थेट जोडणं जीवघेणं आहे. काटेरी तारेतही झटका सोडू नका. अडकलेल्या जनावराला सुटता येत नाही.

झटक्याच्या जाळीत साप, बेडूक आणि शिंगांची जनावरं अडकतात, म्हणून शक्य तिथे सुट्या तारा वापरा. सर्वांत खालची तार लहान प्राणी खालून निसटतील इतकी वर ठेवा. पक्ष्यांना दिसावं म्हणून वरच्या तारेला पांढऱ्या पट्ट्या बांधा.

कुंपण उतरवताना तारेचा एकही तुकडा मागे ठेवू नका. गुरं गवताबरोबर तो गिळतात आणि पोटात टोचून दगावतात. उतरवायचं काम आमच्याकडेच असेल तर ठरलेल्या तारखेच्या आठवडाभर आधी कळवा.