चर्च शिष्टमंडळं आणि इस्राएल-अरब वाद

युरोप-अमेरिकेतली चर्चेस इस्राएल आणि पॅलेस्टाइनमध्ये पाहणीला माणसं पाठवतात, कधी बिशपांचं आठवड्याभराचं मंडळ, कधी तीन-तीन महिने राहणारे निरीक्षक, त्या सगळ्याला मिळून ‘चर्च शिष्टमंडळं’ हे नाव. तीर्थयात्रा वेगळी. म्हणजे बेथलेहेमला हेही जातातच, पण परतल्यावर रिपोर्ट लिहितात, त्यावरून चर्चच्या सभेत ठराव येतो आणि खरं भांडण तिथे लागतं.

सुरुवात कुठून धरायची यावर एकमत नाही. काही जण थेट १९४८ पर्यंत मागे जातात, कारण इस्राएल झाला त्याच वर्षी अ‍ॅमस्टरडॅमला जागतिक चर्च परिषद, म्हणजे अनेक देशांतल्या चर्चेसची सामायिक संघटना, स्थापन झाली. पण त्या सभेने पॅलेस्टाइनच्या राजकीय बाजूवर मत द्यायचं टाळलं होतं, त्यामुळे हा धागा जरा ताणलेलाच वाटतो. दुसरं मत १९९५ चं, ख्रिश्चन पीसमेकर टीम्स (शांततेसाठी काम करणारे ख्रिश्चन स्वयंसेवक) वेस्ट बँकमधल्या हेब्रॉन शहरात राहायला गेल्या तेव्हापासूनचं. तिसरं म्हणजे जेरुसलेमच्या चर्चप्रमुखांनी दिलेली हाक आणि त्यातून २००२ मध्ये जागतिक परिषदेने सुरू केलेला सोबतीचा कार्यक्रम. आजचं रूप बघता दुसरं-तिसरं एकत्र धरणं जास्त पटतं. ‘अकंपनिमेंट’ला इथे मुद्दाम सोबत म्हटलंय, निरीक्षण म्हटलं की अर्धा अर्थ जातो, कारण शेजारी सोबतीला झोपायला जातात तसाच हा प्रकार, नुसतं असण्याने फरक पडेल ही कल्पना. बेथलेहेमच्या चेकपॉइंट ३०० या इस्राएली तपासणी नाक्यावर पहाटे कामगारांची रांग लागते तिथे हे लोक खाकी जाकीट घालून उभे राहतात आणि किती जण पार झाले ते मोजतात.

आक्षेप मुख्यतः ज्यू संघटनांचा: मंडळांना चेकपॉइंट दाखवतात, पण तो ज्या बॉम्बहल्ल्यांच्या काळात कडक झाला तो काळ दाखवत नाहीत. इंग्लंडच्या चर्चच्या सिनडने (निर्णय घेणाऱ्या सभेने) २०१२ मध्ये या कार्यक्रमाला पाठिंबा दिला तेव्हा तिथल्या ज्यूंच्या बोर्ड ऑफ डेप्युटीज या प्रतिनिधी संस्थेने हेच म्हटलं. समर्थक म्हणतात बोलावणारे तिथलेच ख्रिश्चन आहेत, आणि पॅलेस्टिनी ख्रिश्चनांचा २००९ चा ‘कैरोस पॅलेस्टाइन’ जाहीरनामा पुढे करतात. मुद्दा शेवटी हाच की यजमान कोण आणि गाडी कुठल्या रस्त्याने नेली.

सगळ्यात गाजलं ते अमेरिकेतल्या प्रेस्बिटेरियन चर्चचं प्रकरण. २००४ मध्ये रिचमंडला भरलेल्या चर्चच्या असेंब्लीत (सर्वोच्च सभेत) ४३१ विरुद्ध ६२ मतांनी इस्राएलमध्ये धंदा करणाऱ्या कंपन्यांतून टप्प्याटप्प्याने, निवडून गुंतवणूक काढायची प्रक्रिया सुरू करायचं ठरलं, त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये त्यांचं एक मंडळ दक्षिण लेबनॉनमध्ये हिजबुल्लाच्या माणसाला भेटून आलं आणि चर्चच्याच नेतृत्वाला हात झटकावे लागले. २००६ मध्ये भाषा मवाळ केली, २०१२ मध्ये पिट्सबर्गला ठराव ३३१-३३३ असा दोन मतांनी पडला, २०१४ मध्ये डेट्रॉइटला ३१०-३०३ ने झाला, गुंतवणूक काढायची ती कॅटरपिलर, ह्यूलेट-पॅकर्ड आणि मोटोरोला सोल्युशन्स या तीन कंपन्यांतून. दहा वर्षांत ४३१ चे ३१०, म्हणजे ठराव झाला तरी सभागृह दुभंगलेलंच राहिलं.

इस्राएलच्या बाजूने येणारी मंडळंही आहेत, जेरुसलेममधली आंतरराष्ट्रीय ख्रिश्चन एम्बसी (१९८०) आणि अमेरिकन पाद्री जॉन हेगी यांची २००६ ची ‘ख्रिश्चन्स युनायटेड फॉर इस्राएल’ ही संघटना ही त्यातली ठळक नावं, पण यांच्यात चर्चसभेतली मतमोजणी नसल्याने कागद कमी मिळतो.

डिसेंबर २०१६ मध्ये जागतिक परिषदेच्या पदाधिकारी इसाबेल फिरी यांना इस्राएलने बेन गुरियन विमानतळावरून परत पाठवलं. जानेवारी २०१९ मध्ये परिषदेने हेब्रॉनमधले निरीक्षक सुरक्षेच्या कारणावरून काढून घेतले.