ओस्वाल्डचा मिटलेला डोळा

ओस्वाल्ड फॉन वोल्केन्श्टाइनचं चित्र पहिल्यांदा पाहिलं तेव्हा वाटलं, हा बाबा आपल्याला डोळा मारतोय की काय! भरदार चेहरा, अंगावर सरदारी थाट, डावा डोळा टक्क उघडा आणि उजवा घट्ट मिटलेला. त्याच्या गाण्यांच्या 1432च्या हस्तलिखितातलं हे चित्र. ते आज ऑस्ट्रियात इन्सब्रुकला आहे. जर्मन कवीचं इतकं हुबेहूब चित्र त्याआधी जवळजवळ नाहीच.

हा कवी दक्षिण टिरोलचा, म्हणजे आजच्या उत्तर इटलीतल्या डोंगराळ भागातला. गाण्यात तो सांगतो की दहाव्या वर्षी तीन नाणी आणि भाकरीचा तुकडा घेऊन घर सोडलं आणि दहा भाषा शिकलो. पुढे सम्राट होणाऱ्या सिगिस्मुंड राजाच्या पदरी राहिला, जमिनीच्या भांडणात कैदेत पडला, 1445मध्ये वारला.

डोळ्याची दंतकथा अशी, की लहानपणी फास्टनाख्टच्या, म्हणजे उपवासकाळाआधीच्या उत्सवाच्या, धिंगाण्यात बाण लागून त्याचा डोळा गेला. 1973मध्ये ब्रिक्सेनजवळच्या नॉयश्टिफ्ट मठात त्याची मानली जाणारी हाडं मिळाली. कवटीत उजव्या डोळ्याची खोबण डावीपेक्षा लहान निघाली. दोष जन्मजात होता, असा निष्कर्ष अभ्यासकांनी काढला. अरुंद जागेत डोळा दाबला गेला आणि पापणी उचलणारा स्नायू हळूहळू दुबळा पडला.

मला आवडतो तो भाग इथून सुरू होतो. खोबण म्हणजे तयार वाटी नव्हे. नवजात बाळाचा नेत्रगोल पुढून मागे साधारण 17 मिलिमीटर असतो, मोठ्या माणसाचा 24. वाढणारा नेत्रगोल आणि त्याभोवतीचा मऊ भाग आतून रेटत राहतात, आणि त्या रेट्याला दाद देत हाड वाढतं. तान्हेपणीच डोळा काढावा लागला तर त्या बाजूची खोबण मागे पडते. म्हणून डॉक्टर अशा बाळांना क्रमाक्रमाने मोठे साचे बसवतात. रेटा चालू ठेवायला! डोळा मोठेपणी गेला तर खोबण जवळपास तशीच राहते, कारण वाढ आधीच झालेली असते. थोडक्यात, व्यंग आयुष्यात किती लवकर आलं, याची नोंद हाडात उरते. अगदी तान्हेपणी इजा झाली तरी खोबण लहान राहील, हे खरं. पण उत्सवात धिंगाणा घालायला मूल निदान पळतं तरी हवं.

जन्मजात व्यंग म्हटलं की आपल्याकडे आजही विचारतात, ‘आईने ग्रहणात विळीला हात लावला होता का?’ ग्रहण म्हणजे सावली. ती गर्भात शिरून हाडं कापत नाही.

एक शंका मात्र रास्त आहे. मिटलेल्या डोळ्याच्या कवीची म्हणून कवटी ओळखायची आणि मग त्याच कवटीवरून त्याच्या डोळ्याचं निदान करायचं, हे गोल गोल फिरणं झालं. इथे दिलासा एवढाच, की त्याला नॉयश्टिफ्टला पुरल्याचं आधीपासून माहीत होतं. 1411मध्ये त्याने तिथे राहण्याचा हक्कही विकत घेतला होता.

जन्मस्थळाचा वाद उरतोच. बहुतेक जण पुस्टर खोऱ्यातला शोनेक किल्ला धरतात, काही जण आईच्या माहेरचा ट्रोस्टबुर्ग. दातांवरून ठरवता येईल? दाताचं कवच बालपणीच तयार होतं. त्यातल्या स्ट्रॉन्शियम या मूलद्रव्याच्या समस्थानिकांचं, म्हणजे वेगवेगळ्या वजनाच्या अणूंचं, प्रमाण ज्या खडकांवर पिकलेलं अन्न खाल्लं त्यांच्यावर ठरतं. पण हे कवच जन्मानंतरही कित्येक वर्षं घडत असतं. बाळंतपण एका किल्ल्यात आणि बालपण दुसऱ्यात गेलं असेल, तर दात दुसऱ्याचीच साक्ष देतील. ‘विज्ञान सगळं सांगतं’ म्हणणाऱ्यांनी हे जरा लक्षात ठेवावं.

जन्मसालाचंही तेच. प्रौढ माणसाच्या हाडांवरून वयाचा अंदाज सहज दहा वर्षांनी चुकतो. इथे कामाला येतो तो कवीच. 1416च्या सुमाराच्या गाण्यात तो म्हणतो, मी चाळीस वर्षं जगलो, कदाचित दोन कमी. म्हणून अभ्यासक जन्म 1377च्या आसपास धरतात. अर्थात, ते ‘दोन कमी’ त्याने यमकासाठी घातलं नसेल तर.