क्षुल्लक कारणावरून

चोपड्याच्या बसस्थानकाबाहेर चहाच्या टपरीवर पेपर एकच येतो आणि त्याची पानं चौघांच्या हातात असतात. ज्याच्या वाट्याला जिल्ह्याचं पान येतं, तो मोठ्याने वाचतो: 'क्षुल्लक कारणावरून मुलाने केला बापाचा खून.' पुढच्या दोन ओळींत ते कारणही असतं. दारूला पैसे दिले नाहीत. शेत नावावर करून दिलं नाही. एकदा तर नुसतं जेवण उशिरा वाढलं म्हणून. बाकावरचे आबा निकाल देऊन टाकतात, "जमीनसाठे मारं व्हई, दुसरं काय? कलजुग उना भो." तोवर चहा येतो.

'क्षुल्लक कारणावरून' हे दोन शब्द मी वर्षानुवर्षं वाचतोय आणि दर वेळी तिथेच अडखळतो. कारण क्षुल्लक असेल, तर ते कारणच नव्हे. काडी पडली हे खरं, पण पऱ्हाट्यांचा ढीग किती उन्हाळे वाळत पडला होता, ते त्या दोन ओळींत मावत नाही. पोलिसांच्या कागदात 'हेतू' असा रकाना असतो आणि तो भरावाच लागतो. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या २०२२च्या अहवालात देशभरात खुनाचे २८,५२२ गुन्हे आहेत. त्यांतल्या ९,९६२ गुन्ह्यांचा हेतू 'वाद' असा लिहिलाय, तर 'लाभ' या हेतूखाली १,८८४ आहेत. वाद म्हणजे काय, कधीपासूनचा, कोणी सुरू केलेला? रकान्याला त्याच्याशी देणंघेणं नाही.

जगात या विषयावर सर्वाधिक चघळला गेलेला खटला आपल्याकडचा नाही. २० ऑगस्ट १९८९च्या रात्री अमेरिकेत बेव्हर्ली हिल्समधल्या बंगल्यात लाइल आणि एरिक मेनेंडेझ या भावांनी आई-बापावर शॉटगन चालवली. लाइल २१ वर्षांचा, एरिक १८चा. मग लाइलनेच पोलिसांना फोन केला, की कुणीतरी आमच्या आई-वडिलांना मारलं. पुढचे काही महिने खरेदी चालली: रोलेक्स घड्याळं, पोर्श गाडी. बाप मनोरंजन व्यवसायातला बडा अधिकारी, मागे सुमारे १ कोटी ४० लाख डॉलरची मालमत्ता. सरकारी पक्षाला हेतू शोधायला लांब जावं लागलं नाही.

खटला उभा राहिला तेव्हा भावांनी दुसरीच गोष्ट सांगितली. बाप लहानपणापासून लैंगिक अत्याचार करत होता, आईला माहीत होतं, आणि बाहेर बोललो तर हे दोघं आपल्याला मारून टाकतील अशी आमची खात्री झाली होती, असं ते म्हणाले. दोघांसाठी दोन वेगळ्या ज्यूरी बसल्या आणि जानेवारी १९९४मध्ये दोन्हींमध्ये एकमत झालं नाही. दुसऱ्या खटल्यात न्यायाधीशांनी अत्याचाराच्या पुराव्याला बरीच कात्री लावली. मार्च १९९६मध्ये दोघं दोषी ठरले आणि मरेपर्यंत तुरुंगवासाची शिक्षा झाली. मे २०२५मध्ये न्यायालयाने ती शिक्षा कमी करून पॅरोलची, म्हणजे अटींवर सुटकेची, वाट उघडली, पण ऑगस्टमध्ये पॅरोल मंडळाने दोघांनाही नकार दिला. पैसा की भीती, हा वाद तीन दशकांहून जास्त चाललाय. न्यायालयाला दोन्हींतलं एक निवडावं लागतं. माणसाच्या डोक्यात मात्र दोन्ही शेजारी नांदू शकतात, आणि या विषयात काम करणारे बहुतेक लोक तिथूनच सुरुवात करतात. एक गोष्ट मात्र विसरू नये: या भांडणातले आई-बाप बोलायला उरलेले नाहीत. मेलेल्या बापाची बाजू कुणी मांडायची?

फ्लोरिडातल्या गुन्हेशास्त्रज्ञ कॅथलीन हाइड यांनी आई-बापाला मारणाऱ्यांचा दीर्घकाळ अभ्यास केला. त्यांच्या मांडणीत काही मुलं अतोनात छळलेली असतात, काही गंभीर मनोरुग्ण असतात आणि काहींना दुसऱ्याच्या जिवाचं काहीच वाटत नाही. या तिसऱ्या जातीला आई-बाप म्हणजे वाटेतला धोंडा. पेपर वाचताना आपण प्रत्येकाला याच तिसऱ्या खणात टाकतो. मला पहिले दोन जास्त बोलके वाटतात.

माझा एक वर्गमित्र होता. त्यांच्या घराच्या दाराला जुनी लोखंडी कडी. रात्री बाप आला की ती कडी कशी वाजते, त्यावरून हा सांगायचा, आज किती प्यालाय. एकदाच वाजली तर ठीक. घासत वाजली, की हा धाकट्या बहिणीला उचलून मागच्या दाराने गोठ्यात. आम्ही सातवीत होतो आणि हा हुशारपणा समजून हसायचो. पुढे एक अभ्यास वाचला तेव्हा ती कडी आठवली. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजातल्या ईमन मॅक्रोरी यांच्या गटाने २०११मध्ये घरात मारहाण सोसलेल्या मुलांना रागावलेले चेहरे दाखवून मेंदूची चित्रं घेतली. बदामाएवढा अमिग्डाला, म्हणजे मेंदूतला धोक्याची घंटा वाजवणारा भाग, त्यांच्यात इतर मुलांपेक्षा जास्त उसळत होता. लढाईवरून आलेल्या सैनिकांच्या मेंदूतही असंच दिसतं. उसळी आवरणारा कपाळामागचा भाग मात्र पंचविशीच्या आसपास कुठे पक्का होतो. म्हणजे घंटा दहाव्या वर्षीच कर्कश आणि लगाम अजून कच्चा.

अशा घरातला खून पुष्कळदा बाप मारत असताना होत नाही. तो झोपलेला असताना किंवा पाठमोरा असताना होतो. बाहेरच्याला वाटतं, थंड डोक्याने केलं. पोराला वाटत असतं, जागेपणी हा माणूस आपल्याला कधीच आवरणार नाही. कायदा शिक्षेत सवलत देताना 'एकाएकी' प्रक्षोभ झाला का हे बघतो. बारा वर्षं साचलेल्या प्रक्षोभाला तिथे बसायला जागा अवघडच.

दुसऱ्या खणाकडे गावात कोणी बघतच नाही. पोरगा रात्र रात्र जागतो, एकटाच बोलतो, माय जेवणात काहीतरी घालते म्हणून ताट सारतो. आधी भगताकडे नेतात, उतारा टाकतात, मग 'लगीन करी टाका, सुधरी जाई.' १९२३मध्ये जोसेफ कापग्रा या फ्रेंच डॉक्टरने एक भ्रम नोंदवला. त्यात रुग्णाला वाटतं, समोरची बाई दिसते माझ्या आईसारखी, पण ती माझी आई नाही, तिचं सोंग घेतलेली कुणीतरी आहे. चेहरा ओळखू येतो, पण त्यासोबत येणारी माया येत नाही. मग मेंदू त्या पोकळीला एक गोष्ट जोडून देतो. आता त्याच बाईने औषधाची गोळी पुढे केली तर काय होईल, याचा विचार करा. स्किझोफ्रेनिया या भ्रम-भासांच्या आजाराचे बहुसंख्य रुग्ण कुणाच्या अंगावर जात नाहीत. धोका वाढतो तो आजार उपचाराविना राहिला की, आणि तेव्हा बळी जातो तो सगळ्यात जवळ असलेल्याचा. जवळ आई असते. अशा लक्षणांसाठी १४४१६ या टेलिमानसच्या, म्हणजे सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनच्या, नंबरवर फुकट बोलता येतं, हेही फार थोड्यांना ठाऊक आहे.

आता जमीन. रावेर-यावलच्या केळीच्या पट्ट्यात पंचेचाळिशीचा मुलगा घड मोजतो, ट्रक भरून देतो आणि पेट्रोलला बापाकडे पैसे मागतो. सातबारा बापाच्या नावावर, पासबुक बापाच्या उशाखाली. सुनेसमोर 'तुनाकडून काय व्हणार शे' हे रोज. बापाचंही चूक म्हणवत नाही. शेजारच्या गावात नावावर करून दिल्यावर म्हातारा ओट्यावर आलेला त्याने डोळ्यांनी पाहिलेला असतो. दोन्हीकडे भीतीच. आणि निव्वळ हावेचा हिशेब म्हणाल, तर तो बसतच नाही. १९५६च्या हिंदू वारसा कायद्याचं २५वं कलम सांगतं, की खून करणाऱ्याला मेलेल्याची मालमत्ता वारशाने मिळत नाही. कॅलिफोर्नियातही तसाच कायदा आहे. ज्या एकरासाठी मारलं म्हणतात, त्याचा कोपराही हाती लागत नाही. तो एकर बऱ्याचदा 'मला माणूस समजा' या मागणीचं दुसरं नाव असतो.

भाऊ मिळून मारतात तेव्हा आणखी एक गोष्ट आत येते. एकट्याला जे रात्री सुचून सकाळी विरलं असतं, ते दुसऱ्याने 'हो' म्हटल्यावर खरं वाटू लागतं. एकाचा भ्रम दुसऱ्याला लागतो, याची नोंद फ्रान्सच्या लासेग आणि फाल्रे यांनी १८७७मध्येच केलीय. भ्रम नसला तरी धीर लागतोच. आणि जबाबदारी निम्मी झाल्यासारखी वाटते.

धुळ्यात पांझरेच्या काठी एकवीरा आहे, कितीतरी खान्देशी घरांची कुलदेवी. आमची जावळं तिथेच निघाली. एकवीरा म्हणजे रेणुका, आणि तिची गोष्ट आपण लहानपणापासून ऐकतो ती परशुरामाच्या आज्ञाधारकपणाची म्हणून. महाभारतातली कथा नीट वाचली तर तिथे एक आख्खं घर दिसतं. संतापलेला बाप हुकूम सोडतो. चार थोरले भाऊ थिजून गप्प उभे राहतात आणि त्याबद्दल शाप खातात. धाकटा परशू उचलतो. राग बापाचा, हात पोराचा. पुढे वर मागायची वेळ येते तेव्हा परशुराम आई जिवंत व्हावी एवढंच मागत नाही. वधाची आठवण राहू नये, असंही मागतो.

छळ सोसलेलं प्रत्येक पोर हत्यार उचलतं का? नाही. कॅथी विडम यांनी १९८९मध्ये अमेरिकेतल्या ९०८ छळलेल्या-हेळसांडलेल्या मुलांची ६६७ इतर मुलांशी तुलना केली. अल्पवयातच अटक झालेली पहिल्या गटात २६ टक्के होती आणि दुसऱ्यात १७. फरक आहे, पण चारांतली जवळपास तीन पोरं त्या वाटेला गेलेली नाहीत. हवाईच्या काउआई बेटावर एमी वर्नर यांनी १९५५मध्ये जन्मलेली ६९८ मुलं कित्येक वर्षं पाहिली. बिकट घरांतली सुमारे एक तृतीयांश मुलं धड मोठी झाली, आणि त्यांच्या आयुष्यात बहुतेकदा जीव लावणारं एक तरी मोठं माणूस होतं.

माझा तो वर्गमित्र आता मोटार रिवायंडिंगचं दुकान चालवतो. बाप शेवटी अंथरुणाला खिळला, तेव्हा त्याचं सगळं यानेच केलं. मागच्या दिवाळीत मी त्याला विचारलं, तुला कधी वाटलं नाही का रे, याला संपवावं? तांब्याची तार गुंडाळता गुंडाळता म्हणाला, "नववीत वाटलं. कोयता धार लावून आणला होता." मग? "मग मामा आला. पाचोऱ्याला घेऊन गेला. काही विचारलं नाही त्यानं. त्याच्या पोरांच्या शेजारी एक खाट टाकून दिली."