ईएचटीनं सोडलं, मायक्रोवेव्ह सोडत नाही

कोल्हापुरात गुजरी म्हणजे सराफकट्टा. तिथून शंभरेक किलोमीटर खाली बेळगावात आलं, की कन्नडच्या शेजारानं गुजरी म्हणजे भंगार. हाय व्होल्टेजचा नाद लागलेल्या पोरांच्या लेखी दोन्ही अर्थ एकच. मोडक्या मायक्रोवेव्हच्या पोटातला चार-पाच किलोचा लोखंडी ठोकळा, म्हणजे ट्रान्सफॉर्मर, त्यांना गुजरीवाल्याकडं किलोच्या भावानं मिळतो, आणि तो घरी नेताना चेहरा सोनं घेतल्यासारखा असतो.

हा नाद मायक्रोवेव्हपेक्षा फार जुना. फॅरडेनं 1831 मध्ये लोखंडी कड्यावर दोन गुंडाळ्या घालून प्रवर्तन, म्हणजे एकीतला करंट बदलला की दुसरीत वीज उठणं, दाखवलं. पाचच वर्षांत आयर्लंडमधल्या निकोलस कॅलन या पाद्री प्राध्यापकानं कमी व्होल्टेजच्या बॅटरीवरून जबर झटका देणारी कॉइल केली. मोजायला मीटर नव्हते, म्हणून झटक्याचा जोर तो विद्यार्थ्यांवरच अजमावायचा. 1851 च्या सुमारास रूमकॉर्फनं ती कॉइल सुधारून बाजारात आणली, आणि पुढं पेट्रोल इंजिनात ठिणगी पाडायला तिचीच भावंडं बसली. दारातल्या स्कूटरची इग्निशन कॉइल त्याच घराण्यातली.

आमच्या पिढीला हाय व्होल्टेज भेटलं ते टीव्हीत. मुंबईला दूरदर्शन 1972 मध्ये आलं, 1982 मध्ये रंग आला, आणि त्यानंतर गावोगावी लहान प्रक्षेपकं उभी राहिली तसे बेळगावातल्या शहापूर-वडगावच्या माग चालणाऱ्या गल्ल्यांतही टीव्ही दुरुस्तीचे गाळे निघाले. पिक्चर ट्यूबला लागणारा विजेचा दाब देणारा फ्लायबॅक ट्रान्सफॉर्मर तिथं कुणी त्या नावानं ओळखत नसे. तो 'ईएचटी', म्हणजे एक्स्ट्रा हाय टेन्शन. सेकंदाला 15,625 वेळा ठोके खाऊन तो ब्लॅक अँड व्हाइटमध्ये 10 ते 15 हजार आणि रंगीत संचात 25 हजारांच्या आसपास व्होल्ट काढायचा.

बेळगावच्या पावसात हे ईएचटी हमखास बिघडत. जूनच्या ओलीनं खोक्याला बारीक तडा गेला, की आतून चर्रर्र आवाज, निळसर रेघ, आणि ओझोनचा तो तिखट वास. मी ज्या गाळ्यात शाळा सुटल्यावर बसायचो, तिथले काका टेस्टर ईएचटीजवळ नुसता धरायचे. कुठंही न टेकता आतला निऑन लाल उजळायचा. "दुसरा हात खिशात घाल की रे," एवढंच ते सांगायचे. कारण सांगायचे नाहीत. दोन हातांमधून करंट गेला तर वाटेत हृदय येतं, हे मला फार पुढं कळलं.

तरी तिथं झटका बसला, की माणूस मागं फेकला जायचा, शिव्या घालायचा आणि चहा पिऊन पुन्हा सोल्डरिंग गन उचलायचा. ईएचटीतून येणारा करंट सहसा काही मिलिअँपियरचा. निरुपद्रवी तोही नाही, पण बऱ्याच जणांना त्यानं जिवंत सोडलं. आणि तिथंच एक वाईट सवय रुजली: ठिणगी जेवढी लांब तेवढा धोका मोठा, असा हिशेब.

मायक्रोवेव्हचा ठोकळा हा हिशेब उलटा करतो. रडारच्या मॅग्नेट्रॉनवर, म्हणजे मायक्रोवेव्ह लहरी काढणाऱ्या नळीवर, काम करणाऱ्या पर्सी स्पेन्सरनं 1945 मध्ये या तऱ्हेच्या स्वयंपाकाचं पेटंट मागितलं, 1947 मध्ये कपाटाएवढा पहिला ओव्हन विक्रीला आला, आणि 1967 पासून तो अमेरिकेत घरच्या ओट्यावर बसला. आपल्याकडं मध्यमवर्गात तो शिरला नव्वदीच्या शेवटी आणि नंतर. त्यामुळं गुजरीत पोचायलाही त्याला वेळ लागला. यातला ट्रान्सफॉर्मर घरच्या 230 व्होल्टचे दोन हजाराच्या आसपास करतो, पण अर्ध्या अँपियरच्या घरातला करंट सहज देतो. हृदयाची लय बिघडवायला 100 मिलिअँपियर पुरतात. ठिणगी मात्र जेमतेम मिलिमीटरभर, कारण एक मिलिमीटर हवा फोडायलाच साधारण 3 हजार व्होल्ट लागतात. टीव्हीची बोटभर निळी रेघ बघितलेल्याला हा ठोकळा मवाळ वाटतो.

शिवाय घरातला ईएलसीबी, म्हणजे करंट गळला की वीज तोडणारा स्विच, इथं कामाचा नाही. दुय्यम, म्हणजे दोन हजार व्होल्टची, गुंडाळी लाइनपासून वेगळी असते. तिच्यातून माणसाच्या अंगातून गेलेला करंट तिच्याच कोअरकडं, म्हणजे लोखंडी गाभ्याकडं, परततो, आणि फेज-न्यूट्रलच्या हिशेबात काहीच तूट दिसत नाही. बटण पडत नाही.

यातून खरा जीवघेणा ठरला तो लाकडावर विजेची झाडं उमटवण्याचा छंद. त्या नक्षीला नाव आहे लिश्टेनबर्ग या जर्मन भौतिकशास्त्रज्ञाचं. त्यानं 1777 मध्ये गटिंगेन इथं राळेच्या चकतीवर स्थिर विद्युत सोडली आणि वर पडलेल्या भुकटीत फांद्या उठलेल्या बघितल्या. त्याच्या प्रयोगात लाकूड जळत नव्हतं. अलीकडच्या छंदात खारं पाणी लावलेल्या फळीला हाच मायक्रोवेव्हचा ठोकळा जोडतात. अमेरिकेत यात तीसहून जास्त माणसं गेली, आणि तिथल्या लाकूड कातणाऱ्यांच्या संघटनेनं 2017 मध्ये आपल्या कार्यक्रमांतून हा प्रकार बंदच केला. व्हिडिओ मात्र कुठल्याही गावात बघता येतो, खानापुरातही आणि निपाणीतही.

एक वापर मला पटतो. दोन हजार व्होल्टची गुंडाळी कापून टाकायची आणि तिच्या जागी जाड केबलचे दोन-तीन वेढे घालायचे. व्होल्टेज दोन-तीनावर येतं, करंट शेकड्यांत जातो, आणि बॅटरीच्या सेलवर निकेलची पट्टी चिकटवायचं स्पॉट वेल्डिंग होतं. लाइनची बाजू तेव्हाही 230 चीच राहते, पण जीव घेणारी गुंडाळी गेलेली असते. फाउंड्र्या आणि मशीनशॉपच्या उद्यमबागेच्या गावात असल्या जुगाडाला दाद देणारे पुष्कळ.

आता नव्या इन्व्हर्टर मायक्रोवेव्हमध्ये हा जड ठोकळा नसतोच. परवा गुजरीत एक जुना दिसला. मी हातात घेऊन बघत होतो, तेवढ्यात दुकानदारानं तो ओढून घेतला, ब्लेडनं गुंडाळीवरचं वार्निश खरवडलं आणि आत पांढरं दिसल्यावर तोंड वाकडं केलं. "तांबं न्हाई, अ‍ॅल्युमिनियम हाय," म्हणाला, आणि लोखंडाच्या ढिगात फेकून दिला.