‘सेट’चा पसारा कुठून आला?

ऑक्सफर्ड इंग्लिश डिक्शनरीच्या १९८९च्या दुसऱ्या आवृत्तीत सर्वांत लांबलचक नोंद ‘सेट’ या क्रियापदाची होती: सुमारे ४३० अर्थ, ६०,००० शब्द. पुढे २०११मध्ये सुधारलेल्या ‘रन’च्या नोंदीने ६४५ अर्थांसह हा मान घेतला. पण एखाद्या शब्दाचे अर्थ इतके का वाढतात हे ‘सेट’मध्ये अधिक स्वच्छ दिसते, कारण त्यात दोन निराळी कुळे मिसळली आहेत.

पहिले कूळ जुन्या इंग्रजीतले. ‘सिट्टन’ म्हणजे बसणे, ‘सेट्टन’ त्याचे प्रयोजक रूप, म्हणजे बसवणे. संस्कृतातले ‘सादयति’ याच मुळातले. मराठी ‘बसणे’ मात्र ‘उपविश्’वरून आले, त्यामुळे नाते नाही, तरी अर्थांची वाट तीच. आपण गणपती बसवतो, नाटक बसवतो, निखळलेले हाड बसवतो. इंग्रजीत याच क्रियेतून हाड जागेवर आणणे, गजर लावणे, छपाईचे खिळे जुळवणे, अंगठीत खडा जडवणे हे अर्थ निघाले. ‘सेट्टे’ या भूतकाळी रूपाचा शेवटचा स्वर झिजला, म्हणून आज वर्तमान आणि भूत दोन्हींत ‘सेट’च.

हळूहळू ‘बसवणे’चा अर्थ ‘आपोआप बसणे’ असाही झाला. सूर्य मावळतो, जेली आळते, सिमेंट धरते, तिन्हींना ‘सेट’च. सिमेंटच्या बाबतीत तर अर्थाला मोजमाप आहे. भारतीय मानकानुसार साध्या पोर्टलँड सिमेंटचे प्राथमिक धरणे ३० मिनिटांच्या आत होता कामा नये आणि अंतिम धरणे ६०० मिनिटांपलीकडे जाता कामा नये. व्हिकाट उपकरणाची सुई लगद्यात किती उतरते यावरून ते ठरते. क्लिंकर, म्हणजे भट्टीतून निघालेले सिमेंटचे कडक गोळे, दळताना जिप्सम घातले नाही, तर त्यातले ॲल्युमिनेट हे संयुग पाणी लागताच आवळते आणि माल थापीखालीच घट्ट होतो. धरू लागलेल्या मालात पुन्हा पाणी ओतून तो मऊ करणारे गवंडी ताकदच घालवतात. धरणे वेगळे, कडक होणे वेगळे: काँक्रीटची ताकद २८ दिवसांनी मोजतात.

दुसरे कूळ लॅटिन ‘सेक्टा’, म्हणजे अनुयायांचा गट. पंथ या अर्थाचा ‘सेक्ट’ त्याचाच सख्खा भाऊ. जुन्या फ्रेंचमधून हे नाम आले आणि ‘एकत्र मांडलेले’ या क्रियापदाच्या अर्थाशी इतके एकजीव झाले, की चहाचा सेट नेमका कोणत्या कुळातला हे सांगणे अवघड. गेमच्या गटाला टेनिसमध्ये सेट म्हणतात. गणितज्ञ कँटरने १८७४पासून मांडलेल्या समूहांच्या सिद्धांतातल्या ‘मेंगे’ या जर्मन शब्दालाही इंग्रजीने हाच शब्द दिला, आपल्या गणिताच्या पुस्तकांत तो ‘संच’ झाला.

भाषांतरात गडबड होते ती इथेच. नाम दिसले की ‘संच’ लिहायची सवय लागते. चित्रपटाचा सेट मात्र पहिल्या कुळातला, रंगमंचावर उभारून बसवलेल्या देखाव्यावरून आलेला. तिथे ‘संच’ चालत नाही, ‘नेपथ्य’ लागते.